सुदर्शनाचा चौथा आरा

तर मंडळी, आता सरकून बसा, नीट मांडी घाला आणि ऐका. पूर्वरंगात तुम्ही छान माना डोलावल्यात. काहींनी झोपेत डोलावल्या, तेही मी बघितलंय! पण आख्यानाला डोळे उघडे पाहिजेत. कारण आज मी प्रश्न घेऊन आलोय, आणि उत्तर तुमच्याकडून वसूल केल्याशिवाय हलणार नाही.

प्रश्न असा. समजा, एखाद्या वस्तूवर तुमचा जीव जडला. इतका जडला, की तिच्यासारखी हुबेहूब दुसरी करावीशी वाटली. आणि ती करायची, तर एक जुनी, अस्सल, शोधून सापडणार नाही अशी चीज कापावी लागते. तर कापावी का? प्रेमापोटी कापली, तर ते प्रेम का पाप?

कोण म्हणालं ‘पाप’? काकू, तुम्ही? इतक्या लवकर निकाल देऊ नका! आधी आरोपी तर बघा!

आरोपीचं नाव उदय मिठारी. गाव कोल्हापूर. उद्यमनगरातल्या कारखान्यात लेथवर काम करायचा. हात असा, की लोखंडाला लोण्यासारखं वळवावं. व्यसन? सुपारीचंसुद्धा नाही! पण एक वेड होतं. जुन्या सिनेमात दिसलेल्या वस्तू घरी बनवायच्या. राजाचा मुकुट, ऋषीचा कमंडलू, राक्षसाची गदा. घरात पाहुणा आला, की बसायला जागा नाही! खुर्चीवर गदा, पलंगावर मुकुट!

आणि या सगळ्यांत त्याचं एक दैवत. कोल्हापुरात सत्तर वर्षांपूर्वी एक पौराणिक चित्रपट झाला. नाव सांगत नाही. सांगितलं, तर आत्ताच खिशातून मोबाईल निघतील. त्यात भगवंताच्या बोटावर सुदर्शन फिरतं. अहाहा! नुसतं चक्र बोटावर, मागं प्रकाश, आणि ते गरागरा गरागरा! म्हणे थेटरात माणसं पायताणं काढून बसायची!

उदयला ते चक्र बनवायचं होतं. टीव्हीवर चित्र थांबवायचा आणि पडद्याला पट्टी लावून मापं घ्यायचा. बायको म्हणायची, “माझ्या तोंडाकडं लग्नात तरी एवढं बघितलासा का?” पण उदयला ऐकू येतंय होय! त्याची एक वही होती. त्यात लिहिलेलं — आरे सहा, सगळे वाकडे. दाते चोवीस. आणि खाली एक नोंद: उजवीकडून चौथ्या आऱ्यावर, कडेपासून दोन बोटं आत, तांदळाएवढा टवका उडालेला.

टवका! देवाच्या चक्राचा टवकासुद्धा यानं टिपलेला!

आता दोन वर्षांपूर्वी त्यानं ओतीव चक्र केलं आणि पुण्याला प्रदर्शनात नेलं. या वेड्यांचंही प्रदर्शन भरतं बरं का! तिथं परीक्षक होते परचुरे. मोठे अभ्यासू गृहस्थ. त्यांनी चक्र उचललं, बोटानं टिंग करून वाजवलं, आणि म्हणाले, “वा. सुबक आहे. पण ओतीव आहे.” उदय म्हणाला, “मग?” परचुरे म्हणाले, “मग काही नाही. मूळ वस्तू ज्या भागापासून झाली, तोच भाग वापरला तर प्रतिकृती. नाहीतर खेळणं.”

खेळणं! भर मंडपात! पुण्याचे कुणी आलेत का? आला असाल, तर हात वर करू नका, लोक बघतील.

उदय परत आला, तो जेवेना. आता हाडाचा कोल्हापूरकर जेवत नाही म्हणजे प्रकरण किती गंभीर ते बघा! त्यानं ठरवलं, मूळ भाग शोधायचाच. वर्षभर शोधलं. जुन्या बाजारात हिंडला, भंगारवाल्यांच्या ढिगात शिरला. आणि शेवटी कळलं काय? त्या काळी एका विलायती कंपनीची हातानं फिरवायची शिलाई मशीन यायची. तिचं चाक! सहा आरे, सगळे वाकडे! देवाच्या बोटावरचं सुदर्शन म्हणजे शिलाई मशीनचं चाक, मंडळी! हसताय काय? देवानं काय काय अवतार घेतले, त्यात हा एक!

ती मशीन आता मिळत नाही. अख्ख्या जिल्ह्यात एक निघाली. मंगळवार पेठेत, इंदूबाई टिपुगडे नावाच्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईंकडं. आणि तीही चालती! गल्लीत कुणाकडं बाळ जन्मलं, की त्याचं पहिलं अंगडं इंदूबाई त्या मशीनवर शिवायच्या. सगळी गल्ली त्या अंगड्यात वाढलेली.

उदय गेला. नजर थेट चाकावर! इंदूबाई म्हणाल्या, “बस की. च्या टाकते. ही मशीन माझ्या मामंजींची. स्टुडिओत शिंपी हुते ते. त्यांची एक गंमत सांगते तुला—”

उदय म्हणाला, “काकू, मशीन मला द्या. बदल्यात मोटरवरची नवी आणून देतो.”

गंमत राहिली तशीच! चहा उकळतोय, म्हातारी सांगायला बसलीय, आणि हा चाकाचे आरे मोजतोय!

इंदूबाई विचारात पडल्या. खांदा धरलेला, चाक फिरवताना कळ यायची. आपल्यामागं मशीन भंगारात जाणार, हेही दिसत होतं. त्यांनी मशीनवरून हात फिरवला आणि विचारलं, “जपशील न्हवं रं?”

ऐका हं, सगळं आख्यान इथं अडकलंय. जपशील ना? एवढंच विचारलं बाईनं. आणि जो कधी कुणाशी खोटं बोलला नव्हता, तो उदय मिठारी मान हलवून म्हणाला, “जपतो की, काकू!”

जपतो! आणि घरी करवतीचं पातं आणून ठेवलेलं! कारण चक्राला दाते पाहिजेत ना? चाकाची कड कापल्याशिवाय दाते निघणार कसे? चोवीस ठिकाणी कड कापायची. पुन्हा ते चाक मशीनला लागणार नाही, आणि चाकाविना मशीन म्हणजे नुसता ठोकळा!

काकू, आता काय म्हणता? पाप? थांबा, थांबा!

रविवारची सकाळ. वर्कशॉप बंद, उदय एकटा. मशीनचं चाक सोडवलं. बाकावरच्या वाईसच्या जबड्यात आवळलं. खडूनं चोवीस खुणा केल्या. पातं हातात घेतलं. आणि हात थांबला. तुम्हाला वाटलं देव आठवला? नाही! वही आठवली! आधी चौथ्या आऱ्यावर टवका पाडू, मग दाते कापू. एकदा दाते झाले, की धरायला अडचण येईल. कारागिराचा हिशेब तो! पातं ठेवलं, कानस घेतली. उजवीकडून एक, दोन, तीन, चार. आऱ्यावर सत्तर वर्षांचा तेलाचा थर! रॉकेलचा बोळा घेतला. कडेपासून दोन बोटं आत पुसलं. परत पुसलं.

मंडळी, टवका तिथंच होता!

तांदळाएवढा! त्याच आऱ्यावर, त्याच जागी, त्याच आकाराचा! उदयनं वही जवळ आणली, डोळ्यांशी धरली. तोच! मग बोळा फिरवत सुटला. आऱ्यांच्या कोपऱ्यांत काळ्याखालून काय निघालं? सोनेरी रंग! कडेवर पुसलं, तर तेलानं बुजलेली चार बारीक भोकं, स्क्रूची! म्हणजे सिनेमासाठी ज्या मेस्त्रीनं चक्र केलं, त्यानं कड कापलीच नव्हती. पत्र्याच्या दात्यांचं कडं करून वरून चार स्क्रूनं बसवलं होतं. आणि काम झाल्यावर काढलं होतं!

आलं का ध्यानात? हे तशातलं चाक नव्हे. तेच चाक! पडद्यावर फिरलं ते! नक्कल करायला निघालेला माणूस अस्सलावर पातं धरून बसला होता! पेटीवाले, सूर द्या—

चाक फिरे देवाहाती, तेच फिरे घरी।
डोळे असुनी आंधळ्या रे, खूण पटे खरी॥

ओळ माझी, चाल पेटीवाल्यांची, आणि तबला चुकला तो कुणाचा ते विचारू नका.

उदयनं कानस टाकली. तिथंच खाली बसला आणि रडला. एवढा बाप्या गडी, हमसून हमसून रडला. कशापायी? सांगतो. चाक ओळखू आलं नसतं, तर कापलं असतं. मग ते कुणाचं होतं? इंदूबाईंचं होतं. चालतं होतं. ते देवाच्या हातातलं निघालं म्हणून याचा हात मागं आला! म्हातारीच्या हातातलं होतं, तेव्हा का नाही आला? हे त्याचं त्यालाच लागलं. मी नाही लावलं!

तसाच उठला. चाक मशीनला बसवलं, मशीन मांडीवर घेऊन रिक्षात बसला आणि मंगळवार पेठेत हजर. इंदूबाई नव्या मशीनपुढं हात बांधून बसलेल्या. मोटरचा वेग बघून त्यांना धडकी भरायची, सकाळपासून एक टाका घातला नव्हता.

“काकू,” उदय म्हणाला, “मी खोटं बोललो. जपणार नव्हतो. कापणार होतो.”

 बाई अशा कडाडल्या, की समोरच्या घरातली कडी वाजली! “मुडद्या! माझा च्या पिऊन माझ्या तोंडावर खोटं बोललास? पोरांची अंगडी शिवत्यात रं तिच्यावर! कापायला तुला ऊस वाटला का?”

“चुकलं काकू. चार मारा, पण मशीन परत घ्या.”

मारलं का? मारलं! पाठीत एक धपाटा घातला, आणि मग म्हणाल्या, “बस. च्या टाकते.” आता मात्र उदय बसला. आणि राहिलेली गंमत ऐकली. शूटिंगच्या दिवसांत रोज सकाळी मेस्त्री यायचा आणि चाक सोडवून न्यायचा. मामंजी बाहेर ओट्यावर विडी ओढत बसायचे. कुणी कपडे मागायला आलं, की सांगायचे, “चाक देवाकडं कामाला गेलंय, सांजेला या.” सांजेला चाक परत! एकदा मेस्त्रीच्या हातनं पडलं आणि टवका उडाला. तर मामंजींनी त्याला आठवडाभर शिव्या घातल्या. इंदूबाई म्हणाल्या, “मला वाटायचं, म्हातारा थापा मारतोय! शिंप्याचं चाक आणि देवाच्या बोटावर?”

मंडळी, पुढचा महिना उदयनं काय केलं? पत्र्याचं कडं केलं. चोवीस दाते, चार स्क्रू. चारही स्क्रू त्या जुन्या भोकांत असे बसले, की ठोकावं लागलं नाही, दाबावं लागलं नाही! आणि प्रदर्शनाला निघाला. एकटा? छे! मशीन घेतली, इंदूबाई घेतल्या, आणि कोल्हापूरची अर्धी गल्ली बरोबर!

पुणं. मंडप भरलेला. परचुरे आले. चक्र उचललं, टिंग! चेहरा बदलला. पुन्हा टिंग! “मूळ भाग मिळाला तर! शाब्बास! कड कापून दाते काढलेत?”

“न्हाई. कापलं न्हाई.”

“मग ही प्रतिकृती कशी म्हणायची?”

“प्रतिकृती हायच कुठं!” उदय म्हणाला, आणि वही पुढं केली. चौथा आरा दाखवला. सोनेरी रंग दाखवला. मंडपात लोक टेबलांवर चढले! परचुरे भिंग लावून पाहतायत, पाहतायत! “हे तर काचेच्या पेटीत ठेवायला हवं!” ते म्हणाले.

इंदूबाई पुढं झाल्या. “पेटीत? बाजूला सरा.” उदयनं चार स्क्रू काढले, कडं उतरवलं, चाक मशीनला लावलं. आणि इंदूबाईंनी परचुऱ्यांकडं वर-खाली पाहिलं. “तुमचा सदरा बगलेत उसवलाय. काढा.”

“इथं?”

“मग काय पेटीत?”

अख्ख्या पुण्यासमोर परचुऱ्यांनी सदरा काढला हो! इंदूबाईंनी कापड धरलं. खांदा दुखतोय हे ओळखून उदयनं मूठ हातात घेतली. “काकू, तुम्ही शिवा. फिरवायचं काम माझं.” आणि फिरलं! सत्तर वर्षांपूर्वी देवाच्या बोटावर फिरलेलं चाक भरल्या मंडपात गरागरा फिरलं, आणि टाके पडले मोत्यासारखे! टाळ्या अशा, की मांडवाचं कापड हललं!

परचुऱ्यांनी सदरा घातला. बटणं लावेनात. म्हणाले, “प्रतिकृतींसाठी मी आजवर तीन जुने, चालते कॅमेरे कापलेत. चौथा घरात आहे. आता नाही कापणार.” आणि त्या माणसानं इंदूबाईंना वाकून नमस्कार केला. बक्षीस कुणाला मिळालं, ते आता विचारता? अहो, विचारायचं काय त्यात!

तर मंडळी, झालं आख्यान. छान वाटलं? माझं काम अजून संपलेलं नाही!

आज दुपारी मी तुमच्या गावात आलो. चहा पिताना मंडळाची पोरं मोठ्या हौसेनं सांगत होती. यंदा गणपतीला सिनेमातला राजवाडा उभा करायचा. हुबेहूब! आणि त्याच्या दाराला नक्षी कुठली? तर म्हणे या देवळाच्या कोठीत जुनं शिसवी मखर पडलंय, ते कापून लावायचं. अध्यक्ष, खाली काय बघताय? इकडं बघा! मी जाऊन हात लावून आलोय त्या मखराला. शे-सव्वाशे वर्षांपूर्वी तुमच्याच गावच्या सुतारानं कोरलंय ते. मोराच्या पिसातला डोळान् डोळा मोकळा केलाय बाबानं! आणि तुम्ही त्याचा सिनेमा करणार?

हौस वाईट नाही, पोरांनो. उदय वेडा होता, म्हणून तर ते चाक सापडलं! करा राजवाडा, दणक्यात करा! पण कापायला पातं उचलाल, तेव्हा आधी ती वस्तू पुसून बघा. आणि ज्याची आहे, त्याची गोष्ट पुरती ऐकून घ्या. आता सांगा. मखर कापायचं?

मोठ्यानं! बायकांचा आवाज आला, पुरुष काय करतायत? आँ? खांबापाशी कोण उठलं? सुतार का तुम्ही? नाव? भिकाजी. बोला भिकाजी, बिनधास्त बोला!

ऐकलंत, मंडळी? ते म्हणतायत, “गावात सुताराचं घर आमचं एकच. म्हंजी माझ्या पणज्याचंच काम हाय, मला ठाऊकच नव्हतं. म्या कापणार न्हाई. नक्षी बघून पुठ्ठ्यावर उतरवून देतो, राजवाडा रातोरात उभा करतो!”

वाजवा टाळ्या! आणि अध्यक्ष, यंदा गणपती बसणार कुठं? काय म्हणालात? मखरात! अहो, मग उठा! किल्ली काढा, चार गडी घ्या, मखर इथं देवापुढं आणा. आजची आरती त्याच्यापुढं होईल, आणि ते येईपर्यंत हा बुवा उभाच राहील. पेटीवाले, धरा सूर!