जवायाची दुर्बीन आन् माझा धुरा

नाई, पन मले एक सांगा, अंतर मोजाले डोळे नाईत का मानसाले? आं? समोर झेंडा दिसून राह्यला, हातात काठी आहे, खाली चेंडू आहे... हाना ना! दूर असन त जोरात हाना, जवळ असन त हळू हाना! त्याच्यासाठी मशीन? आन् तेबी एक नाई, दोन परकारचे! आन् त्यातून निवडाचं कोनं? म्या! जगदेवनं! रिसोडच्या मार्केटात सोयाबीन दातानं चावून ओल सांगनाऱ्या मानसानं!

झालं काय, तुमाले सांगतो. आमची निकिता पुन्याले दिली. जवाई प्रज्वल, पोरगा एक नंबर, नाव ठेवाले जागा नाई, पन शनवार-इतवार आला का गोल्फ! वर्षभरात पोरगी दोनदा माहेरी आली, आन् दोन्ही खेपेले चहाचा कप खाली ठेवला नाई त जवाई उभा... "निघतो मामाजी, उद्या सकाळी मॅच आहे." मॅच! पोरीची माय फाटकापर्यंत डोळे पुसत जाये, आन् मी गोठ्यात जाऊन पुसो. खोटं कायले बोलू?

मंग लागला धोंड्याचा महिना. तीन वर्षांतून एकदा येते, जवायाले बलवाच लागते! मी म्हनलं, या खेपेले असं वाण देतो का जवाई जागचा हालला नाई पाह्यजे! बायको मनकर्णा म्हने, "अवो, धोंड्यात जाळीदार वस्तू देतेत. तेहतीस अनारसे. भोकाभोकाचं पाह्यजे." म्या म्हनलं, "बाई, त्याच्या खेळात अठरा भोकं असतेत! आनखी किती पाह्यजे तुले?"

निकिताले फोन लावला. पोरगी आता पुन्याचं बोलते... "बाबा, त्यांना लेझरची दुर्बीण घ्या, नाहीतर जीपीएसचं घड्याळ. दीडशे यार्डांवर त्यांचं नेहमी चुकतं हो." दीडशे यार्ड? म्या म्हनलं, "माय, आपल्या रिसोडात त एकच यार्ड आहे, बाजार समितीचं, तेबी इतवारी बंद!" पोरगी हासली, मीबी हासलो, फोन ठेवला. तिथंच चुकलो! यार्ड म्हंजे काय, हे इचारलंच नाई!

गेलो हरीओमच्या मोबाइलच्या दुकानात. तो म्हने, "काका, दोन्ही मागवतो. जे नाई पटलं ते दहा दिवसांत वापस." आले दोन्ही! घड्याळ मनगटाले बांधलं, वावरात उभा राह्यलो. हरीओम म्हने, "काका, याच्यात गोल्फची चाळीस हजार मैदानं हायेत, वरून उपग्रह सांगते." आन् घड्याळ काय म्हने? जवळपास मैदान सापडलं नाई! अबे, सहा एकर मैदान आहे ना समोर! पेरनीच्या आधीचं, साफसुफ! याले दिसत नाई? अंतर मोजाले डोळे नाईत का... घड्याळाले त खरंच नाईत!

मंग घेतली दुर्बीन. वावराच्या इकडच्या टोकाले उभा राहून डोळ्याले लावली. समोरच्या धुऱ्यावर, म्हंजे आमच्या दोघांच्या बांधावर, शेजारी रामधन छत्री घेऊन उभा. धरला नेम छत्रीवर, दाबली बटन... एकशे बावीस! अन् मी मूर्ख, मोठ्यानं वरडलो ना, "एकशे बावीस!"

रामधन छत्री घेऊन तरातरा आला. "जगदेवभाऊ, मोजनीच्या नकाशात तुमचं वावर धुरा ते धुरा एकशे दहा मीटर आहे. वरचे बारा कोनाचे?"

बारा! अवो, बारा मीटर म्हंजे अख्खं गाव जेवाले बसन तेवढी जागा! म्या म्हनलं, मशीन बिघडली. पलीकडच्या वावराचा सेवादास म्हने, "माह्यं मोजून पाहा." त्याचं नकाशात अठ्ठ्यान्नव, निघालं एकशे सात! हेमसिंगचं वाढलं! मोतीबाईचं वाढलं! ज्याचं मोजा त्याचं वाढून राह्यलं! तुमाले सांगतो, दुपारपर्यंत अख्ख्या गावाची जमीन वाढली आन् कोनी कोनाशी बोलेना!

आन् तेवढ्यात... जवायाची गाडी आली. धोंड्याचे पाहुने, आन् स्वागताले वावरात चाळीस मानसं नकाशे घेऊन उभे! प्रज्वलरावनं दुर्बीन पाह्यली आन् असा खुलला... "मामाजी! माझ्यासाठी?" डोळ्याले लावली आन् पोट धरून हासाले लागला. "अहो, हे मीटर नाहीत, यार्ड आहेत! यार्ड मीटरपेक्षा लहान असतो!" म्हंजे ते दीडशे यार्ड... अरे देवा!

त्यानं एक बटन दाबून मीटर केले, आन् सेवादासचं बराबर अठ्ठ्यान्नव निघालं. गावात दिवाळी! मंग कोन सोडते जवायाले? "जवाईबापू, आमचं मोजा! जवाईबापू, आमचंबी!" नाश्ता याच्याकडे, जेवन त्याच्याकडे. शनवार आला, इतवार गेला, गोल्फचं नाव नाई! आठ दिवस, आठ दिवस पोरगी मायच्या कुशीत झोपली हो! मनकर्णानं तेहतीसाचे सासष्ट अनारसे तळले. मी किती खुश होतो काय सांगू!

आन् जाच्या दिवशी जवाई म्हनते, "मामाजी, आपलंच राहिलं की!" म्या म्हनलं, "राहू द्या." पन रामधन छत्री घेऊन उभाच होता. नेम धरला. बटन दाबली. एकशे बारा.

बारा नाई... पन दोन मीटर. रामधननं फक्त छत्री मिटली. दुसऱ्या दिवशी म्या सोताच्या हातानं धुरा सरकवला. मनकर्णा म्हने, "दरसाल नांगर तिकडेच झुकवत होते तुमी. मले वाटलं, नजर कमी झाली." नजर! अंतर मोजाले डोळे नाईत का मानसाले? आहेत ना हो... ते दोन मीटर मले मशीन येयाच्या आधीपासून दिसून राह्यले होते.

जाऊ द्या. पोरगी आठ दिवस राह्यली, दोन मीटरात महाग नाई पडली. पन पुढच्या धोंड्यात जवायाले घड्याळच देतो. त्याले आपलं वावर दिसत नाई!