खोक्यावरचा हात

पुढच्या सीटवरचे दोघे असे रंगात आले, की इस्लामपूरच्या गाडीत संयोगितानं कानातली गाणी बंद केली.

“एवढ्याशा खोक्यात दोन स्पीकर?”

“व्हय! पाठीला पाठ लावून. एकाचा धक्का दुसरा खातोय. वर चहा ठेव, थेंब सांडत न्हाई!”

“पर तुझ्या आप्पांना ऐकू येत न्हाई की रं.”

“म्हणून तर बनवला, हाताला ताल कळावा! जन्मभर ढोल वाजवलाय त्यांनी. खोक्यावर हात ठेवला अन् म्हणाले, ‘बंद हाय व्हय?’”

“अरारा!”

“मग दोन्ही एकाच बाजूला बसवले. आता लय हादरतंय, गड्या!”

“अन् आप्पा?”

“हात ठेवला, डोळे मिटले. म्हणाले, ‘ढोलवाला घाई करतोय. दमानं म्हणावं त्याला.’”

“त्यात ढोल कोण वाजवत हुतं?”

“मीच की रं!”