‘आवाज नाही’ असं लिहा

डॉक्टर : ...आणि घरी सगळं ठीक?

लिफ्टवाला : ठीक आहे. पुढचा प्रश्न घ्या.

बायको : घरी असतील तर सांगतील ना, ठीक आहे का ते.

लिफ्टवाला : तू गप्प बस.

डॉक्टर : थांबा. ताई, म्हणजे काय? हे घरी नसतात?

बायको : कंपनीच्या गोदामात राहतात. केबलच्या रिळांमागे गादी टाकलीय. पोरगी शाळेत गेली की घरी येतात, आंघोळ करतात, उभ्या उभ्या जेवतात आणि ती यायच्या आत निघून जातात. सख्ख्या बापानं चोरासारखं यायचं! शेजारणी मला म्हणतात, पुन्हा प्यायला लागला वाटतं.

लिफ्टवाला : प्यायलो नाही. आणा ते यंत्र, पुन्हा फुंकर मारतो.

डॉक्टर : आल्या आल्या मारलीत. शून्य आलं. दारूबद्दल मला शंका नाहीच.

लिफ्टवाला : मग झालं तर. ह्या तुमच्या औषधाच्या अभ्यासाला दारूशीच मतलब.

डॉक्टर : दारूशी आणि आवाजांशी. दोन्हींशी. मागच्या भेटीत मी विचारलं होतं, आवाज येतात का. तुम्ही नाही म्हणालात.

लिफ्टवाला : आजही नाहीच म्हणतो. ‘आवाज नाही’ असं लिहा आणि गोळ्या द्या. कामावर जायचंय.

बायको : अहो, चावी दाखवू का त्यांना?

लिफ्टवाला : तू ती इथे आणलीस?

बायको : आणली.

लिफ्टवाला : अगं, विश्वासानं दिली होती तुला.

बायको : विश्वासानंच आणली. ही बघा, डॉक्टर.

डॉक्टर : ही कसली चावी? तिकोनी?

लिफ्टवाला : लिफ्टच्या दाराची. बाहेरून उघडायची. आम्हा दुरुस्तीवाल्यांकडेच असते.

डॉक्टर : लिफ्ट मजल्यावर नसली तरी दार उघडतं?

लिफ्टवाला : त्यासाठीच असते.

डॉक्टर : आणि मग आत?

लिफ्टवाला : आत काय? पोकळ. थेट खालपर्यंत.

बायको : एक दिवस माझ्या हातात कोंबली आणि म्हणाले, मी पाया पडलो तरी परत देऊ नकोस. कामावर सांगितलं, हरवली. मुकादमानं चारचौघांत झाडलं, तेही खाली मान घालून ऐकून घेतलं. एरवी हे कुणाचं ऐकून घेणारे आहेत का? तेव्हापासून घर सोडलं. ठकू मला विचारते, बाबा माझ्यावर रागावलेत का? काय सांगू मी तिला?

डॉक्टर : ठकू किती वर्षांची?

बायको : दुसरीत आहे.

डॉक्टर : मला तुमच्याशी एकट्याशी बोलायचं असेल तर ताई बाहेर थांबतील.

लिफ्टवाला : राहू दे तिला. चावी टेबलावर ठेवल्यावर आता लपवायचं काय राहिलं?

डॉक्टर : आवाज येतो?

लिफ्टवाला : येतो.

डॉक्टर : पूर्वीचाच?

लिफ्टवाला : पूर्वीचे शिव्या द्यायचे. आई-बहिणीवरून. ते परवडले. दोन घोट पोटात गेले की पांगायचे. हा निराळा आहे. मोटरच्या घरघरीतून येतो. शिवी नाही, ओरडणं नाही. शिकलेल्या माणसासारखा बोलतो. समजावून सांगतो.

डॉक्टर : काय सांगतो?

लिफ्टवाला : म्हणतो, पोरीला कामावर घेऊन ये. सगळ्यात वरच्या मजल्यावर. म्हणतो, लिफ्ट खाली असू दे, आणि दार उघड.

बायको : ठकूला?

लिफ्टवाला : हो.

बायको : ठकूला म्हणतो?

लिफ्टवाला : किती वेळा सांगू!

डॉक्टर : ताई, पाणी घ्या थोडं.

बायको : नको. मला पाणी नको. मी काय समजत होते, डॉक्टर... मला वाटलं, ह्यांचं बाहेर कुठे जुळलंय. रोज तिची वेणी घालताना मनात त्या बाईला शिव्या घालायचे. तशी एखादी बाई असती तर किती बरं झालं असतं हो.

डॉक्टर : त्यानं सांगितलं तसं तुम्ही कधी करायला गेलात?

लिफ्टवाला : नाही.

डॉक्टर : नीट आठवून सांगा.

लिफ्टवाला : आठवायचं कशाला? विसरलोय कुठे? सुट्टीचा दिवस होता. ही बाजारात गेली होती. मी ठकूला म्हटलं, चल, तुला उंचावरून शहर दाखवतो. ती उड्या मारत आली. चपला घातल्या. एक पट्टा लागेना, म्हणून मी खाली वाकून लावून दिला. पट्टा लावता लावता एकदम कळलं मी काय करतोय ते. पट्टा परत सोडला. म्हटलं, बाबाचं डोकं दुखतंय, आज नको. रडली. ही आली तशी हिला चावी दिली आणि निघालो.

डॉक्टर : चांगलं केलंत.

लिफ्टवाला : चांगलं कसलं? घाबरलो.

डॉक्टर : मला का नाही सांगितलंत?

लिफ्टवाला : कारण सुरुवातीलाच तुम्ही वाचून दाखवलं होतं. कुणाला इजा करायचे विचार आले तर अभ्यासातून बाहेर. गोळ्या बंद. माझं लक्ष नसतं असं वाटतं तुम्हाला, पण ते वाक्य मी पाठ केलं होतं.

डॉक्टर : ते तुमच्या भल्यासाठी असतं.

लिफ्टवाला : भल्यासाठी! तुमच्या आधी आम्ही कुठे कुठे फिरलो ते हिला विचारा.

बायको : मनाच्या दवाखान्यात नेलं तर म्हणाले, आधी दारू सोडवून आणा, मग आवाजांचं बघू. दारू सोडवायच्या ठिकाणी नेलं तर म्हणाले, ह्याला भास होतात, आमच्याकडे नको, आधी डोकं ताळ्यावर आणा. मी दोघांना म्हटलं, अहो, माणूस एकच आहे ना? अर्धा तिकडे ठेवू आणि अर्धा इकडे?

लिफ्टवाला : इथेच पहिल्यांदा दोन्हींसकट घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा वर्ष गेलं कोरडं. बाटलीच्या दुकानावरून चालत जातो, मान वळत नाही. आणि मी तोंडानं सांगायचं की काढा मला?

डॉक्टर : मला आज तुम्हाला थांबवावं लागेल.

लिफ्टवाला : एक सांगा. तुमच्याकडे आता किती माणसं उरलीत? बाहेरच्या बाकावर पूर्वी जागा मिळायची नाही. हल्ली मी आडवा होऊन पडू शकतो.

डॉक्टर : कमी राहिलीत.

लिफ्टवाला : आणि त्यात माझं चांगलं चाललंय.

डॉक्टर : सगळ्यात चांगलं. मोठ्या सरांना परवाच तुमचं उदाहरण दिलं.

लिफ्टवाला : म्हणजे मी गेलेलं तुम्हालाही नकोय. खरं की नाही?

डॉक्टर : खरं आहे.

लिफ्टवाला : मग लिहा ना ‘आवाज नाही’! मी गोदामात राहतो, चावी हिच्याकडे आहे, पोरीच्या वाऱ्याला उभा राहत नाही. कुणाचं काय बिघडतंय?

डॉक्टर : नाही लिहिणार.

लिफ्टवाला : मी पाया पडतो.

डॉक्टर : पाया पडलो तरी देऊ नकोस, असं तुम्हीच सांगितलंय ना ताईंना? उठा. खुर्चीवर बसा.

बायको : अहो, उठा हो. असं नका करू.

लिफ्टवाला : आमच्यात बिघाड कळला की दारावर पाटी लावतात, ‘लिफ्ट बंद आहे’. दुरुस्ती नंतर. महिनोन् महिने पाटी तशीच राहते. लोक जिन्यानं जायला शिकतात.

डॉक्टर : राहते कधी कधी. मी खोटं बोलणार नाही. पण आज तुम्ही वॉर्डात दाखल व्हायचं. आत्ताच. मी स्वतः सोबत येते.

लिफ्टवाला : गोळीमुळे आला का हा आवाज?

डॉक्टर : माहीत नाही.

लिफ्टवाला : दारू सुटल्यामुळे?

डॉक्टर : माहीत नाही. आजार आपल्या वाटेनं वाढला असेल, तेही असू शकतं. तुमच्या गोळीत औषध होतं की नुसती पिठाची गोळी होती, हेसुद्धा मला ठाऊक नसतं. कुणाला झुकतं माप मिळू नये म्हणून ते आमच्यापासून लपवलेलंच असतं. वॉर्डातल्या डॉक्टरांना लागेल, म्हणून आज विचारून घेईन.

लिफ्टवाला : इतकं शिकून ‘माहीत नाही’?

डॉक्टर : माहीत असतं तर अभ्यास कशाला केला असता?

लिफ्टवाला : आणि मी बाहेर पडलो की माझं काय लिहिणार?

डॉक्टर : एक ओळ. नाव नसेल.

लिफ्टवाला : पोरीचं येणार नाही ना त्यात?

डॉक्टर : नाही. तिचं कुठेच येणार नाही.

लिफ्टवाला : मग चला. आणि तू, तू भेटायला येऊ नकोस.

(काही आठवड्यांनंतर. वॉर्डातली भेटीची खोली. नवरा-बायको.)

लिफ्टवाला : पुन्हा आलीस?

बायको : आले. मागच्या वेळेसारखं पाठ फिरवून बसणार असाल तर तसं सांगा. मी पण पाठ फिरवून बसते, दोघं भिंती बघू.

लिफ्टवाला : बस.

बायको : हात थरथरतोय तुमचा.

लिफ्टवाला : नवीन औषधानं. जीभपण जड झालीय. चहा पिताना अर्धा अंगावर जातो. इथली आया म्हणते, तुम्हाला लाळेरं बांधू का?

बायको : बांधा म्हणावं. ठकूचं आणून देते.

लिफ्टवाला : डॉक्टरबाई आल्या होत्या. गोळी खरी होती म्हणाल्या. पिठाची नव्हती.

बायको : मग आता ती देणार का?

लिफ्टवाला : बाजारात नाही ती अजून. त्यांनी वर अर्ज केलाय. होईल म्हणाल्या, पण मान हलवली ती निराळीच. इथे आहे तोवर मला दारू कोण देतंय? पण घसा पुन्हा मागायला लागलाय, खोटं कशाला बोलू.

बायको : आणि तो?

लिफ्टवाला : आहे. पण लांब गेलाय. खालच्या मजल्यावर कुणी बोलत असावं तसा. बोलतोय ते कळतं, शब्द लागत नाहीत.

बायको : ठकूला आणू का एकदा? नुसती खिडकीपाशी उभी करते.

लिफ्टवाला : नको. एक जरी शब्द लागायची भीती असेल तोवर नको. तिला काय सांगितलंस?

बायको : सांगितलं, बाबा आजारी आहेत. तुझ्यावर रागावलेले नव्हते.

लिफ्टवाला : काय म्हणाली?

बायको : ताप आहे का म्हणाली. म्हटलं, तसंच काहीसं. तर म्हणे, कपाळावर ओली घडी ठेवायला सांग, आणि सारखी बदलायला पण सांग.

लिफ्टवाला : ठेवली म्हणून सांग.

बायको : सांगते.

लिफ्टवाला : एक विचारायचं होतं. मागे तू आलीस तेव्हाच विचारणार होतो, पण मग पाठच फिरवली.

बायको : विचारा.

लिफ्टवाला : मी इथे आल्यापासून तुला झोप लागते?

बायको : हे काय विचारणं झालं?

लिफ्टवाला : खरं सांग.

बायको : लागते. तुम्हाला इथे सोडलं त्याच दिवसापासून. आडवी झाले की सकाळच होते. लाज वाटते हो मला माझीच.

लिफ्टवाला : नको वाटून घेऊस. झोपत जा.