नर्मदेचा दगड

१९३६च्या उन्हाळ्यात डोंगरांचे खडक तपासणाऱ्या साहेबाचे मदतनीस सदावर्ते तोरणमाळहून उतरले आणि नंदुरबार स्टेशनात तिकिटाच्या रांगेत, नमुन्यांच्या पेटीवर पाय ठेवून उभे राहिले. मागे ब्राह्मणपुरीच्या जसोदाबाई आणि तोरणमाळच्या डोंगरावर राहणाऱ्या रूपीबाई बोलत होत्या.

"का वं रूपीबाई, नवापूरले कसाले?"

"मन्ही पोर शे तठे. तिले सांगनं शे, आजीना दगड गया."

"तुमना डोंगरवर दगडले काय तोटा?"

"त्या काळा. हाऊ पांढरा, गोल, अंडासारखा. मन्ही सासू नर्मदामाईपाईन डोकावर लई उनी व्हती. जठे पहिली चूल मांडी, तठे मोहाखाले ठेवा. घरमा कोनी मरनं, का त्यानं नाव आम्ही त्या दगडले सांगतस."

सदावर्त्यांनी पेटीवरचा पाय खाली घेतला.

"कोनी चोरा व्हई."

"दगड कोन चोरस, बाई? मन्हंच काही चुकनं व्हई. म्हनीसन तो उठी गया."

पेटीत चिंध्यांत गुंडाळलेल्या पांढऱ्या दगडावर सदावर्त्यांच्याच वळणदार अक्षरातली चिठ्ठी होती: 'तोरणमाळच्या माथ्यावर पूर्वी नदी वाहत होती, याचा पुरावा.' साहेबांनी त्यासाठी त्यांची पाठ थोपटली होती.

"ओ दादा, पुढे सरका," जसोदाबाई म्हणाल्या. "तुमना नंबर उना."

सदावर्ते रांगेतून बाहेर आले, रूपीबाईंच्या पायाशी खाली बसले आणि पेटीची दोरी सोडू लागले.