धुण्याच्या कट्ट्याची फीत

उद्घाटनाचं म्हणताय व्हय, मग आमच्या कवठ्याचं ऐका. पुण्याच्या एका संस्थेनं आमच्या महिला मंडळाला ओढ्याकाठी धुण्याचा कट्टा बांधायला थोडं अनुदान दिलं. दगड आम्ही बायांनीच वाहिले. कट्टा झाला, तवा सरपंच आप्पा आले आन् त्याला लाल फीत बांधून गेले.

“आमदार येऊन कापतील. तवर हितं कुणी धुणं आणायचं न्हाई!”

आमदार काही येईनात. फितीचा रंग उडाला, तसं आमचंबी डोकं फिरलं. एका सकाळी समद्याजणी धुणी घेऊन कट्ट्यावर बसलो. आप्पा तणतणत आले.

“फीत कुणी कापली?”

त्यांचीच बायको धुणं आपटत म्हणाली, “कापली कुठं? सोडून त्या बाभळींना बांधलीय. बघा, तुमचंच धोतर वाळतंय तिच्यावर.”