टाळ्यांच्या दोन रांगा

तुम्ही माझ्या काकांना गावातला मोठा माणूस म्हणता ना, मग हे ऐका. गेल्या थंडीत इंग्लंडमधल्या एका छोट्या गावचा रग्बी क्लब आमच्या कोरगावात आला. त्यांची गिरणी बंद पडलेली, निम्मं मैदान विकलेलं, वर्षभर एकही सामना जिंकलेले नाहीत. तरी क्लब चालूच. त्यांनी आमच्या पोरांना खेळ शिकवला आणि मग सामन्यात सडकून हरवलं. शेवटी दोन रांगा करून ते टाळ्या वाजवत उभे राहिले. हरलेल्यांना ते असंच मानानं मैदानाबाहेर पाठवतात.

आमच्या क्लबचे अध्यक्ष काका. ते पोरांवर ओरडले, "मेल्यांनो, हसतत तुमका. मागच्या वाटेन चला."

मी म्हटलं, "काका, ह्यो मान असता त्यांचो."

"कॉलेज सोडलंस आणि माका शिकयतंस?"

पोरं खाली मान घालून मागनं गेली. रांगांमधून कोणीच आलं नाही.

त्यांचा म्हातारा कप्तान माझ्याकडे आला. इंग्रजीत हळूच म्हणाला, "आमचं काही चुकलं का?" मला त्याच्याकडे बघवेना.

"काय म्हणता तो?" काकांनी विचारलं.

"विचारता, आमचा काय चुकला."

काका खूश झाले. "कबूल केल्यान मां? सांग तेका, माफ केलंय."