पापणी लवायच्या आत रांगोळी

इथे आखातात, आमच्या अल सद्द भागातल्या बिल्डिंगमध्ये दारासमोर रांगोळी काढायला बंदी आहे. ऐन दिवाळीत आई हिरमुसली होती. मी नुकतीच कॅनडातून शिकून परत आलेली, उत्साह नुसता उतू चाललेला. म्हटलं, "आई, यंदा रांगोळी ब्राउझर काढेल. दर वेळी वेगळी!" मग रांगोळी काढणारा कोड लिहिला आणि खपून खपून तो इतका वेगवान केला की हजारो ठिपके पापणी लवायच्या आत जोडले जायचे.

पाडव्याला आईच्या मैत्रिणी जमल्या. मी लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि बटण दाबलं. टीव्हीभर रांगोळी!

"छान आहे," कुलकर्णी काकू म्हणाल्या. "पण काढली कधी?"

"आत्ताच, काकू. एका क्षणात!"

"मग आम्ही गप्पा कधी मारायच्या?"

आईचा चेहरा पडला, माझा तर पडलाच. तिथेच बसून मी वेग इतका कमी केला की एकेक ठिपका सावकाश उमटू लागला. सगळ्या जणी सतरंजीवर मांडी घालून बसल्या. "तिथे गुलाबी भर गं," इथून सुरू झालेलं बोलणं काकूंच्या सुनेवर पोचलं. आई खुदुखुदू हसत होती.

तेवढ्यात रांगोळी पूर्ण झाली.

"यल्ला, चल लवकर, पुसून टाक आणि दुसरी काढ!" काकू ओरडल्या. "माझं सुनेचं अजून सांगून व्हायचंय!"